मिटलेले डोळे

साखरा गावचा शिवहार शेळ्या राखायचा, बोकडं विकायचा. स्वभावानं मवाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा सौदा फिसकटला म्हणून बाजारात एका दलालानं चारचौघांत त्याच्या कानफटात मारली. नववीतली त्याची लेक सुकन्या बोकडाचं दावं धरून शेजारीच उभी होती. शिवहार नुसतं म्हणाला, "जाऊ द्या, सायेब." घर येईस्तोवर सुकन्या एक शब्द बोलली नाही. मार त्यानं पचवला असता. पोरीचं गप्प राहणं पचेना.

पुढं शेळ्यांच्या औषधाचं निमित्त करून तो हिंगोलीला गेला. आधी कराटेच्या क्लासवर. पांढऱ्या कपड्यांतली चिमुरडी पोरं हवेत लाथा झाडत होती. सरांनी विचारलं, "लेकराला घालायचंय का?"

"व्हय, पोरीला," चाळिशीतला शिवहार बोलून गेला. सुकन्याचं नाव सांगितलं, घरचा फोन नंबरही देऊन बसला.

तिथून तो बॉक्सिंगच्या शेडमध्ये शिरला. तिथले उस्ताद फुलसिंग. त्यांनी जास्त चौकशी न करता त्याच्या हातात मोजे चढवले आणि आपला पंजा हळूच त्याच्या तोंडाजवळ नेला. शिवहारनं डोळे गच्च मिटले. पुन्हा नेला, पुन्हा तेच. दोरीवरच्या उड्या मारणारी पोरं फिसकन हसली.

"डोळे काहून मिटून राहिले, भाऊ? मारलं कुठं अजून?"

शिवहारनं मोजे काढून ठेवले आणि खालमानेनं एसटी स्टँड गाठलं.

संध्याकाळी कराटेच्या सरांचा फोन आला. उचलला नेमका सुकन्यानं.

"बाबा, माझं नाव तुमी दिलं?"

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. चुलीकडं बघत तो म्हणाला, "माझ्यासाठीच गेलतो. सांगायची लाज वाटली." मग शेडमधलंही सगळं सांगून टाकलं. "कराटेच बरं वाटून राहिलं. तिथं सुरुवातीला कोणी अंगावर येत न्हाई."

"म्हणजे तिथं गेलं तरी डोळे मिटायचे ते मिटतेतच," सुकन्या म्हणाली. "बॉक्सिंगलाच जा. मी येते संगं."

तो जाऊ लागला. पोरांच्या हसण्याची सवय झाली, लाज मात्र सुटली नाही. एके दिवशी उस्तादांचा ठोसा नाकावर बसेपर्यंत त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आज दिसला ना?" फुलसिंग हसले.

"दिसला, उस्ताद."

परतताना जीपमध्ये गावची भिकाबाई भेटली. "नाक काहून सुजलं रे?"

"बाबा बॉक्सिंग शिकून राहिले," सुकन्यानं भरल्या जीपमध्ये सांगून टाकलं.

"ह्या वयात? खरंच का रे, शिवहार?"

सगळी जीप वळून बघू लागली. शिवहारच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"व्हय, मावशी," तो कसाबसा म्हणाला.