सुनेक राख लागता

माझ्या भट्टीतून आजवर मातीच्या भांड्यांवर जेवढ्या झिलया उतरल्या, त्यातल्या एकीवरच माझा खरा जीव आहे. ती नारळाच्या राखेची. नारळाची सोललेली सोडणं, करवंट्या, झावळ्या जळून चुलीत जी राख उरते, ती मी पाण्यात खळबळून फडक्यातून गाळते, तिच्यात माती आणि पांढऱ्या दगडाची पूड मिसळते आणि एकदा भाजलेलं भांडं त्यात बुडवते. दुसऱ्यांदा भट्टीतून ते येतं पेजेच्या निवळीच्या रंगाचं. काठाशी पातळ, बुडाशी साचून हिरवट. मासे खायला आलेले मुंबईकर त्यात समुद्र बघतात. बघोत बापडे. मला नुसती झिलईच दिसते आणि तेवढ्याने पोट भरतं.

राख यायची सासूबाईंच्या चुलीतून. घरात गॅस आहे. मागच्या पडवीतली चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती उरली होती. पण माझी पहिली भांडी या झिलईत उतरली आणि सासूबाईंनी भात, आमटी, माशाचं तिकलं, सगळं हळूहळू चुलीवर नेलं. "चुलीवरच्या जेवणाक चव आसता गो," म्हणायच्या. मी लगेच मान डोलावली. ते पटवून घेणं माझ्या फारच सोयीचं होतं.

त्यांचा खोकला वाढला तेव्हा मी हवेला नावं ठेवली. शेवटी जामसंड्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरी गॅस नाही का?"

"आसा तर," सासूबाई म्हणाल्या. "पण सुनेक राख लागता. तिच्या भांड्यांका रंग येता."

तक्रार नव्हती ती. मुलाला चांगली नोकरी लागल्याचं सांगावं, तशा कौतुकाने बोलल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूल एकदम बंद," ते म्हणाले.

घरी येऊन मी सासूबाईंवरच भडकले. "मी कधी मागितली होती तुमच्याकडे राख?" मागितली नव्हती हे खरं. रिकामी बादली मात्र रोज चुलीशेजारी नेऊन ठेवत होते.

मग एका खानावळीतून राख आणली. तिच्यात काय काय जळलं होतं देव जाणे. भांडी निघाली गढूळ, मेणचट. इकडे चूल थंड होती, सासूबाईंचा खोकला उतरत होता आणि मी तोंड पाडून घरभर फिरत होते. सगळ्यांना दिसत होतं. त्यांनाही.

परवा सकाळी मागून धूर आला. मी पाण्याची कळशी घेऊन चालले होते, तशीच पडवीच्या दारात गेले. सासूबाई तोंडाला पदर लावून चुलीपुढे बसलेल्या.

"आज खोकलो कमी आसा," त्या म्हणाल्या. "म्हटला, तुका वायच राख करून ठेवतंय."

हातातलं पाणी चुलीत ओतायला हवं होतं. पण ओतलं तर सोडणं अर्धवट जळून विझतील, राख फुकट जाईल, हेच मला आधी सुचलं. सोडणं पुरती जळून पांढरी होईपर्यंत मी दारातच उभी राहिले. मग त्यांना हाताला धरून उठवलं आणि चांगली रागावले.