पाचवी पेनल्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी फुटबॉल खेळायचो. पोटासाठी. माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. तेरा वर्षांत सात क्लब. छावणीच्या मैदानावर जवानांच्या मॅचमध्ये घुसून खेळायला शिकलो आणि मग गोवा, कोलकाता, केरळ — जिथं कुणी पुढच्या फळीत जागा दिली तिथं बॅग उचलून गेलो. स्ट्रायकरचं काम एकच, गोल करणं. केला की लोक डोक्यावर घ्यायचे. सलग चार मॅच कोरड्या गेल्या की जेवताना शेजारची खुर्ची रिकामी राहायची.

पण इथं, संभाजीनगरात, मला ओळखतात ते भलत्याच गोष्टीसाठी. मांडीचा स्नायू फाटला तरी शेवटपर्यंत मैदानात उभा राहिलेला माणूस! आता मी एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. मुख्याध्यापिकाबाई नव्या पालकांना माझी ओळख अशीच करून देतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आधी मिलिंदबद्दल सांगायला हवं. लासूर स्टेशनचा. वडील रेल्वेत गँगमन. उजव्या बाजूला बचाव करायचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दक्षिणेतल्या एका क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून एकाच खोलीत. रोज भातावर रुसायचा. रोज तोच भात दोनदा घ्यायचा. मॅचच्या सकाळी आईला फोन लावायचा आणि बोलून झालं की फोन माझ्या कानाला — "घे, बोल. तुझी पण आईच हाय ती."

त्या क्लबाचा तो हंगाम फार चांगला गेला. शेवटची मॅच जिंकली की वरच्या लीगमध्ये. नव्वद मिनिटं बरोबरी, जादा वेळेतही बरोबरी. मग पेनल्टी शूटआऊट. कोचनं पाच नावं काढली. पाचवं माझं. दुसऱ्या कुणाचं असणार?

आता — हे कसं सांगू? त्या दिवशी स्टँडमध्ये एका मोठ्या क्लबाचा माणूस बसला होता. खास मला बघायला आलेला. सकाळीच फोन आला होता. सत्तावीस वर्षांचा होतो मी. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं. आणि तीनच आठवड्यांपूर्वी मी एक पेनल्टी बाहेर मारली होती. तेव्हापासून सरावातसुद्धा चेंडू ठेवून मागं सरलो की परत पुढं जाऊन तोच चेंडू पुन्हा नीट ठेवायचो.

भीती कुणाला वाटत नाही, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण भिणं वेगळं, आणि मी केलं ते वेगळं.

तिसरी किक झाली आणि मी खाली बसलो. मांडी मागून धरली. तोंड वाकडं केलं. मालिशवाल्यानं दाबून पाहिलं तसा ओरडलो. कोचनं नुसतं बघितलं माझ्याकडं — जमेल का? मी मान हलवली. नाही.

माझ्या मांडीला काहीही झालेलं नव्हतं.

मिलिंद पळत आला. पेटीतला बर्फ काढून त्यानं माझ्या मांडीला बांधला. घामानं निथळत होता, पण हात हळू. म्हणाला, "उठू नको रे. पाय गेला तर लई अवघड व्हईल तुझं. तुझी मी मारतो."

त्यानं जन्मात कधी मॅचमध्ये पेनल्टी मारली नव्हती. त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. तो शब्द माझ्या तोंडून निघाला का? नाही. मी मांडी धरून बसलो आणि त्याला चालत जाताना पाहिलं.

चेंडू बारवरून गेला.

ड्रेसिंग रूममध्ये कोच त्याच्यावर तुटून पडला — तुला कुणी शहाणपणा सांगितला होता? मिलिंद भिंतीला टेकून बूट काढत राहिला. त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्याच्या किकचा व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडं फिरला, खाली लोकांची थट्टा. क्लबानं त्याला सोडलं. पुढं दोन ठिकाणी चाचणीला गेला. तिथंही व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता. शेवटी लासूरला परतला. आज बाजार समितीत कांद्याच्या काट्यावर बसतो.

आणि मी? फाटलेल्या मांडीनं जादा वेळ संपेपर्यंत खेळला, अशी माझी बातमी झाली. त्या मोठ्या क्लबानं मला घेतलं. असा जिगरबाज गडी पाहिजेच, असं म्हणून घेतलं. त्यांच्या डॉक्टरनं मांडी तपासली आणि चकित झाला — एवढ्या लवकर बरी झाली? मी म्हणालो, गावाकडचं तेल. हसलोसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात छावणीत माझा सत्कार झाला. मिलिंद पॅसेंजरनं आला होता. कुणीतरी त्याला दोन शब्द बोलायला लावले. माइक हातात धरून म्हणाला, "मी डोळ्यांनी पाह्यलाय याचा पाय. लई सुजला होता तेव्हा."

सूज कुठून येणार? मग तो असं का बोलला? इतक्या वर्षांत त्याला खरंच तसं वाटायला लागलंय, की त्याच्या हाताला तेव्हाच सगळं कळलं होतं आणि अकरा वर्षं तो मला झाकतोय? मला ठाऊक नाही. विचारायचं तर आधी माझं सांगायला हवं.

संध्याकाळी मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. बाकावर आम्ही दोघंच. त्यानं शेंगदाण्याची पुडी मधे ठेवली आणि एकेक दाणा सोलत बसला. घाई नसल्यासारखा, मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखा.

मी त्याला विचारलं, पोरगी कितवीला आहे.

"चौथीला," तो म्हणाला. मग गाडी आली.