गार्डसाहेबांचा दगड

डिसेंबर, दुसरा रविवार. हजर: तळेगाव ढमढेऱ्याचे तिघं, केंदूरच्या पाटीलबाई, दौंडहून रमा आणि मी. वाटाडे भिवामामा. गार्डसाहेब नाहीत.

हजेरीत त्यांचं नाव मी कायम शेवटी घेत आले, कारण ते कुठंही शेवटीच असत. दौंडला मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी शेपटाच्या डब्यात गेली. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत शेवटी बसत, जीपमध्ये सगळे चढल्यावर चढत. दोरावरून उतरायलाही आमच्यातले शेवटचे तेच.

आम्ही दरवर्षी दोर लावून उतरतो ती घळ जुन्नरच्या पलीकडं, ठाकरांच्या वाडीजवळ आहे. भिवामामा त्याच वाडीचे. आपले पूर्वज या घळीत वस्तीला आहेत असं वाडी मानते, म्हणून आत शिरण्याची एक रीत आहे. प्रत्येकानं तोंडाशी एक दगड ठेवायचा. घळ उतरून, खालच्या पायवाटेनं वळसा घालून परत वर आलं की ज्याचा त्यानं उचलायचा. दगड राहिला तर माणूस अजून आतच आहे, असं धरतात.

गार्डसाहेब बाबासाहेबांना मानणारे, देवापुढं हात जोडत नसत. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकानं त्यांना डिवचलं, "काय साहेब, तुम्हीसुद्धा दगड ठेवता?"

"अरे, कुणाच्या घरात शिरताना चपला काढतो का न्हाई? ही यांच्या वाडवडलांची घरं हायेत. चपलाच काढतोय म्हण."

भिवामामा ते ऐकून खूश झाले. तेव्हापासून ते गार्डसाहेबांना लांबूनच "जय भीम, साहेब!" म्हणून हाक मारत आणि लगेच विचारत, "गाडी लेट का?"

"मालगाडी हाय, मामा. लेटच असती."

मला ते स्टेशनमास्तर म्हणत. प्रत्येक दोराच्या तळाशी मी यादी घेऊन उभी राही आणि उतरलेल्या माणसाच्या नावापुढं खूण करी. ते निम्म्या कड्यावरून ओरडत, "मास्तर, माझ्यावर टिक नको अजून! शेवटचा डबा दिसू द्या!" त्यांच्या सॅकला मागं लाल फडकं बांधलेलं असे. रेल्वेत शेवटच्या डब्याची खूण नजरेला पडली की मगच गाडी सगळी आली असं समजतात. ते खाली टेकले की पाठ फिरवून मला फडकं दाखवत. त्याशिवाय मी पुढं निघायचं नाही, असा आमचा नियमच झाला होता.

पाटीलबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मोठ्या कड्याच्या काठावर खालीच बसल्या. कमरेला हार्नेसचा पट्टा घातलेला, खालून भिवामामांनी दोर धरलेला, पण बाई हलेनात. आम्ही खालून "उतरा, उतरा" असा गलका केला. गार्डसाहेब त्यांच्याशेजारी बसले, खिशातून पेरू काढला आणि अर्धा त्यांना दिला. "खा निवांत. सिग्नल मिळंल तवा हलू. आपल्यामागं कुठली एक्सप्रेस न्हाई." पेरू संपला आणि बाई उतरल्या. आता त्या सगळ्यांच्या आधी उतरतात.

गेल्या वर्षी पहिला दोर ते नीट उतरले, पण पाठ फिरवून फडकं दाखवायचं विसरले. मी वळून पाहिलं तर खडकाला टेकून बसलेले, चेहरा घामानं डबडबलेला. भिवामामांनी मधल्या आडवाटेनं त्यांना बाहेर काढलं आणि तिथूनच जीपनं दवाखान्यात नेलं. ती वाट घळीच्या तोंडाकडं जात नाही. आम्ही संध्याकाळी वर पोचलो, आपापले दगड उचलले. एक उरला. ज्याचा त्यानं उचलायचा, म्हणून कुणी हात लावला नाही.

हृदयाचं दुखणं होतं. फोन केला की तब्येतीचं बोलणं ते दोन शब्दांत आटपत आणि विचारत, "मास्तर, माझा दगड हाय ना जागेवर? डिसेंबरला मीच उचलतो. मामांना सांगा, गाडी लेट हाय, रद्द न्हाई."

उन्हाळ्यात ते गेले.

रमा त्यांची मुलगी. तिला उंचीची भीती, ती घळीत उतरली नाही. वडलांचा दगड तेवढा उचलायला आली होती. ती दिवसभर तोंडाशी बसून राहिली. आम्ही परत आलो तेव्हा भिवामामा तिला म्हणाले, "उचल, पोरी. लेकीनं उचलला तर चालतं. साहेब बाहेर आले असं आम्ही धरू."

तिनं दगडाला हात लावला.

"मामा, हा उचलला की ते इथंही नाहीत ना?"

भिवामामांनी टोपी काढली. पाटीलबाईंनी सॅकमधून पेरू काढला, अर्धा केला आणि रमाच्या शेजारी बसल्या.

अंधार पडायच्या आत डांबरी रस्ता गाठायचा होता. रमानं दगडावरची माती ओढणीनं पुसली, तो होता तसा ठेवला आणि जीपकडं चालू लागली. सगळे बसले. मी हजेरी घेतली, नावांपुढं खुणा केल्या. वहीत पुढच्या डिसेंबरचं पान काढून त्यावर पहिलं काम लिहिलं: गार्डसाहेबांचा दगड उचलणे. त्याच्यापुढची खुणेची जागा रिकामी आहे.