चुगली न करणारा फोन

माझ्या बाबांची छोटी होडी मिरकरवाडा बंदरात लागते. गळाची मासेमारी. समुद्रात त्यांची एक जागा आहे, पाण्याखाली खडक आहे तिथे, तांबोशी हमखास मिळते. आजोबांनी ती त्यांना दाखवली. धक्क्यावर कोणी विचारलं तर बाबा पश्चिमेकडे हात करतात. पश्चिमेला अख्खा समुद्र आहे.

गेल्या वर्षी फोनवर इंग्रजीत काहीतरी आलं. बाबांनी चहाच्या टपरीवर शेजारच्या होडीच्या तांडेलापुढे फोन धरला, "वाच रे जरा." त्याने मोठ्याने वाचलं: या महिन्यात तुम्ही इथे नऊ वेळा गेलात. खाली नकाशा, आणि निळ्या समुद्रात एक लाल टिंब. बाबांनी फोन हिसकावून घेतला, पण तांडेलाने किती बघितलं कोण जाणे.

घरी आले ते लालबुंद होऊन. "ह्याला कोणी सांगितलान?"

म्हटलं, कोणी सांगावं लागत नाही; खिशात बसून तोच टिपतो आणि कंपनीला कळवतो. दुसऱ्या दिवसापासून बाबा फोन घरी ठेवून समुद्रात जायला लागले. पासष्टीचा माणूस, एकटा. इंजिन बंद पडलं तर हाक मारायची कोणाला? ती नोंद सेटिंगमधून बंद करते म्हटलं, तर म्हणाले, "चोराला विचारून कुलूप लावतात काय गो?"

मी शाळेच्या ऑफिसात कारकून. आठ दिवस इंटरनेटवर वाचत बसले. फोनमध्ये कंपनीने भरून दिलेलं सगळं काढून, माग न ठेवणारी दुसरी सिस्टीम घालता येते, आणि बाबांच्या फोनला ती चालत होती. पुण्याहून भाऊ म्हणाला, "तुझ्याने नाही व्हायचं. फोन कायमचा बंद पडेल, नुसती वीट होईल." तिथेच माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी केबल लावून फोन कॉम्प्युटरला जोडला.

अर्ध्यात स्क्रीन काळी झाली ती काळीच. बाबा शेजारी बसलेले. "मेला काय?"

"गप्प बसा जरा," मी म्हटलं. बाबांशी असं कधी बोलले नव्हते. सगळं तपासून बघितलं. केबलच ढिली होती. दुसरी लावली, पहिल्यापासून सगळं केलं, आणि फोन उठला. आता त्यात कंपनीचं खातं नाही. कीबोर्ड लिहिलेलं बाहेर पाठवत नाही, नकाशा इंटरनेटशिवाय चालतो. धक्क्यावर असा फोन दुसऱ्या कोणाच्या बापाकडे नाही, आणि तो मी केलाय. मिरवून सांगते.

बाबा पुन्हा फोन घेऊन जायला लागले. परतले की रोज मलाच विचारायचे, "काय बोललान काय?" पंधरा दिवस फोन काही बोलला नाही.

मग एका संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हलक्या आवाजात सांगायला लागले: कुठला डोंगर कुठल्या टोकाआड गेला की होडी थांबवायची, दीपगृह कुठल्या हाताला ठेवायचं. आमच्याकडे जागा मुलाला सांगतात. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते, म्हणून तिला नाही. मी नकाशात खूण करायला फोन उचलला.

"फोनात नको," बाबा म्हणाले. "तू पाठ कर."

दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सगळ्या खुणा बरोबर म्हणून दाखवल्या.

"झालं," बाबा म्हणाले. "आता दोघांना ठावं."