अब्बांच्या कानांसाठी जोडलेला कॉम्प्युटर

८ फेब्रुवारी, रविवार. आजचं काम: नळ्या वाकवणे, त्या बसवणे, पाणी भरणे, गळती तपासणे आणि संध्याकाळपर्यंत नवा कॉम्प्युटर सुरू करणे. घाई अशासाठी, की सोमवारी अब्बांना एका वाद्यांच्या दुकानदाराला हो किंवा नाही कळवायचं होतं.

अब्बा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणं आणि सुरात लावणं हा त्यांचा धंदा. त्यांचं दुकान ज्या इमारतीत होतं ती नव्याने बांधण्यासाठी पाडली. तेव्हापासून ते बिबवेवाडीतल्या आमच्या हॉलमध्ये, खिडकीखाली सतरंजी टाकून काम करतात. त्याच हॉलच्या समोरच्या भिंतीला माझं टेबल आहे. मी बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींचे व्हिडिओ बनवते. त्यात झाडं असतात, पोहण्याचा तलाव असतो, आणि ऊन नेहमी सकाळचं असतं. एकेक व्हिडिओ तयार व्हायला माझा जुना कॉम्प्युटर तासन्‌तास राबायचा आणि त्याचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंघावायचे.

पेटीत पितळेच्या बोटभर पट्ट्या असतात, त्यांना रीड म्हणतात. दोन रीड एका सुरात आणायच्या तर त्या एकत्र वाजवून ऐकाव्या लागतात. सूर किंचित वेगळे असले तर आवाज लाटेसारखा हलतो. रीड खरवडत गेलं की लाट मंदावते, आणि सूर जुळले की थांबते. माझ्या पंख्यांमुळे मधे तिसरीच लाट ऐकू येते, अशी अब्बांची तक्रार होती. जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात त्यांना बसायला बोलावलं आहे, आणि घरी या आवाजात काम होत नाही, म्हणून ते जाणार.

माझा नवरा म्हणाला, "या वयात? छातीत दोन स्टेंट घेऊन?"

विश्रांतवाडीहून नणंदेचा फोन आला. "भाभी, एका डब्यापायी माझ्या बापाला घराबाहेर काढणार का तुम्ही?"

"डब्याचं मी बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

(आमच्या घरातलं बोलणं निम्मं दखनी आणि निम्मं मराठी असतं. इथे सगळं मराठीत लिहिते आहे.)

कॉम्प्युटर बेडरूममध्ये नेता आला नसता. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये टेबल मावत नाही. मी मोजून पाहिलं होतं. मी काम बंद करावं असं कोणी सुचवलं नाही. तेवढी समज घरात आहे. मग उरला एकच उपाय, आवाज बंद करणे. आवाज पंख्यांचा असतो आणि पंखे लागतात आतले तापणारे भाग थंड करायला. त्या भागांची उष्णता पाण्याने उचलून एका मोठ्या रेडिएटरपर्यंत नेली, तर मोठे आणि अगदी सावकाश फिरणारे पंखे पुरतात. गाडीत हेच असतं. फरक एवढाच की गाडीचं पाणी गळलं तर ते रस्त्यावर पडतं आणि इथे गळलं तर सगळ्यांत महागड्या भागावर पडतं. मी तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, सामान मागवलं, आणि नळ्या पारदर्शक, कडक घेतल्या. मऊ नळ्या सोप्या जातात, पण त्या सलाइनसारख्या लोंबतात. आमच्या हॉलमध्ये पाहुणे बसतात. घरात दवाखाना उघडायची माझी इच्छा नव्हती.

नव्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा दर्शनी भाग अब्बांना पसंत नव्हता. "हे काय, तिजोरी आहे का?" असं म्हणून त्यांनी माप घेतलं, वाळवीने खाल्लेल्या एका जुन्या पेटीची सागवानी जाळी तेवढी धड होती ती काढली, कापून बसती केली आणि आठवडाभर तिच्यावर पॉलिश चढवत बसले. जाळीतून हवा नीट जाते हेही त्यांनी उदबत्ती धरून पाहिलं.

रविवारी सकाळी नळ्या घेतल्या. नळीत सिलिकॉनची दोरी घालायची, म्हणजे वाकवताना ती चपटी होत नाही, मग हीट गनने सगळीकडून शेकायची आणि मऊ पडली की वाकवायची. पहिल्या दोन नळ्या फुकट गेल्या. एकीला फोड आले, दुसरी कोपरापाशी मुरगळली.

"घाई करतेस बेटा," अब्बा खिडकीखालून म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत व्हायला हवं."

"कोण म्हणतं?"

"तुम्ही. सोमवारी उत्तर द्यायचंय ना?"

त्यावर ते रीड खरवडू लागले.

तिसरी नळी साधली, मग हात बसला. दुपारपर्यंत सगळ्या नळ्या जागेवर होत्या: दोन सरळ, बाकीच्या काटकोनात, एकमेकींना समांतर. दिसायला बरं दिसत होतं. पाणी बॅटरीत घालतात ते आणलं होतं. नळाचं चालत नाही. आमच्याकडे टँकर येतो आणि चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो. ते पाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे थेंब घातले, बाकी सगळ्याची वीज तोडून नुसता पंप सुरू केला आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवला.

नवरा भाजी घेऊन आला आणि पिशवी हातात धरूनच बघत राहिला. "दुपटी का बांधलीत याला?"

"ओलं करतं का ते बघतेय."

एकाने केलं. खालच्या सांध्यातली रबरी चकती मुडपली होती. पाणी काढलं, चकती बदलली, पुन्हा भरलं. यानंतर कागद कोरडे राहिले, पण आत अडकलेली हवा फिरत होती आणि तिचा आवाज यायचा.

"कोणीतरी गुळण्या करतंय," अब्बा म्हणाले.

हवा काढायला अख्खं यंत्र कलतं करावं लागतं. नवऱ्याने ते मांडीवर घेतलं आणि मी सांगेन तसं डावीकडे, उजवीकडे झुकवलं. बुडबुडे एकेक करून वर गेले. त्याची पँट कोरडी राहिली, हीच खरी गळती तपासणी म्हणायची. तीन-चार तास पंप तसाच चालू ठेवला आणि अस्राच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर बाकीच्या तारा जोडल्या. बिल्डरचा सगळ्यांत जड व्हिडिओ लावून दिला, जुन्या मशीनने ज्याच्यावर नुसती गर्जना केली असती.

नवरा खुर्ची ओढून समोर बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, "सुरू कधी करणार?"

"सुरू आहे."

त्याने कान जाळीला लावला. मग मान वर करून बापाकडे पाहिलं. "अब्बा, झालं की! आता कुठे जायची गरज नाही."

अब्बांनी चष्मा कपाळावर नेला. "एक घुमारा येतोय."

मला काही येत नव्हता. ते गुडघ्यावर हात देऊन उठले, आले आणि टेबलावर तळहात ठेवला. "मशीन नाही, टेबल वाजतंय." पंपाची थरथर फळीत उतरत होती. पेटीच्या बोटांनी दाबायच्या पट्ट्यांखाली घालतात तसा लोकरीचा जाड नमदा त्यांनी आपल्या डब्यातून काढला, मी तो कापून पंपाखाली आणि मशीनच्या पायांखाली घातला. अब्बांनी तळहात पुन्हा टेबलावर ठेवला. घुमारा गेला.

मग ते म्हणाले की एक बारीक शीळ येते. ही खरी होती. चित्र फार वेगाने तयार होत असलं की ग्राफिक्स कार्डातून तशी शीळ येते, हे मी वाचलं होतं. त्या कार्डाची ताकद थोडी कमी केली. व्हिडिओला थोडा वेळ जास्त लागेल, लागू दे. शीळ थांबली.

नवरा मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजला मशिदीत गेला. अब्बा गुडघ्यांमुळे घरीच पढतात. त्यांचं झालं तेव्हा मी म्हटलं, "आता मशीन चालू असताना दोन रीड जुळवून दाखवा."

ते माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले. भाता हलवत दोन रीड वाजवल्या. लाट मलाही ऐकू आली. एक काढून तिच्या टोकाला कानस लावली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. लाट लांबली. आणखी एकदा तसंच. मग दोन्हींचा मिळून एकच सूर आला आणि तो हलला नाही. कान शाबूत होते. मशीन जोरात चालू होतं.

"आता काही ऐकू येतं?"

"पाणी ऐकू येतं," अब्बा म्हणाले. "फिरताना."

पाण्याचा आवाज येत नव्हता. माझे कान त्यांच्यासारखे नाहीत, हे मान्य. म्हणून मी व्हिडिओ थांबवला, कॉम्प्युटर रीतसर बंद केला, भिंतीवरचं बटणही खाली केलं आणि जागेवर बसून राहिले.

"आणि आता?"

त्यांनी मान जराशी तिरकी केली. "येतंच आहे. बारीक आहे, पण आहे."

"अब्बा, मशीन बंद आहे. बटणसुद्धा बंद आहे."

त्यांनी वळून आधी भिंतीवरचं बटण पाहिलं, मग मला. कानस डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं.

"हुशार आहेस."

"तुम्हाला जायचंय," मी म्हटलं. "आवाज असो नसो."

"हो."

"का?"

"तिथे माणसं येतात. कोणी म्हणतं सूर चढलाय, कोणी म्हणतं उतरलाय. भांडतात. चहा मागवतात. दुकानात माझी चाळीस वर्षं यातच गेली. इथे दिवसभर कोण? तू. आणि तू त्या तलावात असतेस."

"मग हे सरळ सांगायचं होतं."

"सरळ सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्याने डॉक्टर आणला असता आणि माझ्या मुलीने रडून घेतलं असतं. मशीनवर ढकललं की कोणाला वाईट वाटत नाही. मशीनला थोडंच वाईट वाटतं?"

"मशीनची एक मालकीण आहे. तिला गेला महिनाभर सगळे बोलतायत."

हे त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं असं तोंडावरून दिसलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तुला कोण काय बोलणार? तू एकाचे दोन ऐकवतेस."

"ऐकवलेत. पण आता तुम्ही स्वतः सांगायचं. आधी मुलाला, मग मुलीला. मी शेजारी बसून ऐकणार."

जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं. माझ्या अपेक्षेपेक्षा कमी शब्दांत सांगितलं: "मला तिथे बसायचंय. घरी कंटाळा येतो." नवऱ्याने घास ताटात ठेवला. तो स्टेंटपासून सुरुवात करून बसच्या गर्दीपर्यंत गेला. मी म्हटलं की बस कशाला, रिक्षा आहे. दुकान तळमजल्यावर आहे का ते मी उद्या स्वतः बघीन. गोळ्या डब्यात ठेवीन. रमजान तोंडावर आहे, तेव्हा वेळ कमी करतील. आणि दम लागला तर ते काम सोडतील. त्याने बापाला विचारलं, "दम लागला तर सांगाल?"

"मशीनवर ढकलणार नाही," अब्बा म्हणाले.

नणंदेला फोन लावून मी स्पीकर सुरू केला. ती बराच वेळ बोलली. शेवटी म्हणाली, "म्हणजे भाभींच्या डब्याचा आवाज नव्हताच?"

"होता," अब्बा म्हणाले. "आता नाही. आता फार सुंदर आहे, येऊन बघ. जाळी मी केलीय."

सोमवारी सकाळी मी सांध्यांखालचे कागद पाहिले. कोरडे होते. ते काढले, काचेचं झाकण बसवलं, व्हिडिओ पुन्हा सुरू करून दिला. मग अब्बांचा हत्यारांचा डबा स्कूटरवर पायांपाशी ठेवला, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, त्यावर त्यांनी जे काही म्हटलं ते ऐकलं नाही, आणि त्यांना पेठेत घेऊन गेले.

दुकान तळमजल्यावर होतं. दारात एकच पायरी. आत एक गिऱ्हाईक ढोलकी ठोकून पाहत होतं, दुसरं तिच्याच शेजारी ताशा, आणि बाहेर एक टेम्पो मागे येताना सतत पिपाणी वाजवत होता. दुकानदार पुढे आला. अब्बांना हात देऊन आत घेत तो मला म्हणाला, "घरी मशीनचा फार त्रास व्हायचा म्हणे यांना?"

मी अब्बांकडे पाहिलं. ते मागच्या खिडकीशी बसून हत्यारं मांडत होते.

"इथे जरा शांत आहे," ते ढोलकीच्या वर आवाज चढवून म्हणाले.

मी त्यांच्या हाताशी जेवणाचा डबा ठेवला, गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते दुकानदाराला दाखवलं आणि पाचला न्यायला येते असं सांगितलं. मग घरी आले. व्हिडिओ तयार झाला होता. तलाव आणखी निळा हवा असा बिल्डरचा निरोप होता, तो केला.