आजींचं माहेर नदीपलीकडे

ती घटना आठवली की आज मिशीतल्या मिशीत हसू येतं. त्या दिवशी मात्र घाम फुटला होता. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी जर्मनीत, गेर्लिंगेनला लेकीकडे आलो होतो. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या जर्मन आजी सकाळपासून बेपत्ता होत्या. हृदयाच्या गोळ्या टेबलावरच राहिलेल्या. इथले पोलीस रुग्णालयं आणि जंगल पालथं घालत होते.

"बाबा, इथे तुमची हद्द नाही हं," लेकीने बजावलं.

"शेजाऱ्याला चहा पाजायला हद्द कशाला लागते?" मी आजींच्या मुलाला वर बोलावलं. लेक दुभाषी.

खबर कोपऱ्यावरच्या बेकरीतून आली. आजींनी दुकान उघडताच खसखशीचा अख्खा केक बांधून घेतला होता. मी कान टवकारले. वाट चुकलेलं माणूस केक बांधून घेत नाही. आजी कुणाकडे तरी पाहुण्या गेल्या होत्या!

बाई हरवल्याची तक्रार आली की आमच्या ठाण्यात पहिला प्रश्न ठरलेला. तोच टाकला. "यांचं माहेर कुठलं?"

"म्हणजे लहानपणीचं घर?" मुलगा म्हणाला. "ते पोलंडमध्ये गेलं."

"घर कसं जाईल?" मी टेबलावर थाप मारली. जुनी सवय.

मग त्याने सांगितलं. आता पोलंडच्या झ्गोझेलेत्स जिल्ह्यात असलेलं ते गाव तेव्हा जर्मनीत होतं. महायुद्ध संपलं आणि सीमा नायसे नदीवर आली. पलीकडच्या जर्मनांना निघावं लागलं. पुढे कोळशाच्या खाणीने शेजारची काही गावंही गिळली.

"आई तिथलं कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "परवाच मी तिला वृद्धाश्रमाचं सांगितलं."

लेकीने त्या जिल्ह्याच्या पोलिसांना फोन लावला. संध्याकाळी उत्तर आलं. आजी दिवसभर आगगाड्या बदलत थेट तिथे पोचल्या होत्या. खाणीच्या कडेला उरलेल्या आपल्या गावात, आपल्याच जुन्या स्वयंपाकघरात आजी सूप पीत होत्या. आता तिथे राहणाऱ्या पोलिश आजोबांच्या आईवडिलांनाही आणखी पूर्वेकडून असंच हुसकावलेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण केक संपत आला होता. डॉक्टरही येऊन गोळ्या देऊन गेले होते.

हरवलेल्या माणसाचा आत्ताचा पत्ता सगळेच शोधतात. त्याचा पहिला पत्ता कुठला, हेही विचारावं, एवढं मी या तपासातून शिकलो.

मुलगा आईशी फोनवर बोलला आणि गोंधळून माझ्याकडे वळला. "चार दिवस राहते म्हणतेय. काय करू?"

मी ठाणे अंमलदाराच्या आवाजात हुकूम सोडला, "राहू द्या! माहेरी गेल्यात. आणायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका."