बटर पेपर

भाचीच्या लग्नात द्यायला मी घरीच अल्बम बांधला. काळी जाड पानं दाभणानं टोचून शिवली, फोटो लावले. फक्त ताईचा, म्हणजे भाचीच्या वारलेल्या आईचा, एकही लावला नाही. "शुभकार्यात गेलेल्या माणसाचा फोटो नको गं," आत्यानं बजावलं होतं. पानांमधला बटर पेपर मात्र ताईच्या जुन्या अल्बममधला घेतला. चांगला होता, वाया कशाला घालवायचा?

शेवटी उन्हात पान उलटलं, तर भाचीच्या फोटोवरच्या कागदावर एक पुसट, तपकिरी चेहरा. वर्षानुवर्षं फोटोला टेकून असलेल्या त्या कागदानं ताईला उमटवून घेतलं होतं. तिला वगळायचं आम्ही ठरवलं; कागदाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे नेमके लेकीच्या डोळ्यांवर बसले होते.

कागद काढायला हात गेला आणि थांबला.

"राहा गं, ताई," म्हणत मी अल्बम हळूच मिटला.